भिंतीवरचा फलक: सिनेमांच्या गुणांची नोंदवही

रविवार, ७ सप्टेंबर २०२५

काल अनंत चतुर्दशी झाली, आज काम हातात घेतलं. वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलामागची भिंत रिकामी आहे. चिटणीसांनी ती मला दिली. नोव्हेंबरअखेर तिथे चित्रपटांचा फलक लागला पाहिजे. कारण साधं आहे. देवघेवीला बसले की लोक पुस्तक बदलता बदलता विचारतात, 'ताई, बघण्यासारखं काय आहे?' मी सुचवते, ते बघतात, आणि पुढच्या खेपेला कसा वाटला ते सांगायला थांबतात. हे सगळं काउंटरवर बोलून विरून जातं. ते कुठेतरी लिहिलेलं असावं, कराडातल्याच माणसांचं असावं, म्हणून हा खटाटोप.

पाहणारे सातजण ठरले: मी, आई (निवृत्त शिक्षिका), खालच्या मजल्यावरचे कुडाळचे काका, न्यायालयात लघुलेखक असलेली माझी मैत्रीण, शेजारच्या सिस्टर, पुण्यात शिकणारा भाचा आणि वाचनालयातले शिपाई मामा. दर शनिवारी आमच्या टीव्हीसमोर बसायचं, भाच्याने पुण्यात त्याच दिवशी पाहायचं. गुण दहापैकी. अर्धा गुण चालणार नाही, ही आईची अट. आणि दहापैकी दहा फक्त गणितात मिळतात, हेही तिने आधीच सांगून टाकलं.

शनिवार, १३ सप्टेंबर

पहिला: 'श्वास'. दिग्दर्शक संदीप सावंत, २००४. कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरात येतात. त्याच्या डोळ्यांत कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे.

१९५४ साली 'श्यामची आई'ला देशातलं पहिलं सुवर्णपदक मिळालं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तो मान मराठीकडे परत यायला 'श्वास' यावा लागला. तो भारतातर्फे ऑस्करसाठी गेला तेव्हा तिकडच्या प्रचाराच्या खर्चासाठी लोकांनी वर्गण्या काढल्या होत्या. आई म्हणाली, 'आमच्या वर्गातल्या मुलांनीही डबा फिरवला होता. माझे अकरा रुपये आहेत त्या सिनेमात.' म्हणजे तिच्या आठ गुणांत ते अकरा रुपये आहेत, आणि ते वजा करावेत असं मला वाटत नाही.

गुण: काका ९, मी ९, भाचा ९, मैत्रीण ९, सिस्टर ९, मामा ९, आई ८. सरासरी ८.९.

रात्री वही मिटताना खटकलं. सिनेमा संपताच काका डोळे पुसत मोठ्याने म्हणाले होते, 'नऊ!' भाचा फोनवर होता, त्यानेही ते ऐकलं. मग एकामागोमाग नऊच आले. हे सातजणांचं मत आहे की एकाचंच सातवेळा लिहिलेलं?

सोमवार, १५ सप्टेंबर

पद्धत बदलली. सिनेमा संपला की चहाच्या आधी, तोंडातून शब्द न काढता प्रत्येकाने चिठ्ठीवर आकडा लिहायचा. घडी घालून डब्यात. चर्चा नंतर. भाच्याने तोवर मला मेसेज करून ठेवायचा.

दुसरी गोष्ट मैत्रिणीने सुचवली: त्याच सिनेमाला पंधरवड्याने पुन्हा गुण द्यायचे. सिनेमा पुन्हा पाहायचा नाही आणि आधीची चिठ्ठीही नाही. तिचं म्हणणं, साक्षीदाराचा लगेचचा जबाब आणि नंतरचा जबाब दोन्ही तिला टाइप करावे लागतात, आणि दोन्हींत जो फरक असतो त्यातच पुष्कळ काही असतं. मला हे पटलं. वहीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने आखले.

रविवार, २१ सप्टेंबर

या वेळी थिएटरात गेलो, 'दशावतार' पाहायला. प्रदर्शित होऊन नववा-दहावा दिवस, पुढच्या तीन रांगा सोडल्या तर सगळं भरलेलं. सुबोध खानोलकरांचं दिग्दर्शन, आणि बाबुली मेस्त्रीच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर. ४ ऑगस्ट १९४४ चा जन्म, म्हणजे वय ८१. त्या वयात अंगावर सोंग चढवून, मुकुट घालून उभं राहणं आणि शिवाय नजर अधू झालेला माणूस साकारणं. मध्यंतरात कुणी खुर्चीतून उठायला तयार नव्हतं.

कुडाळच्या काकांना आज आवरणं अवघड होतं. त्यांनी लहानपणी जत्रेत रात्र रात्र दशावतार पाहिलाय. त्यांच्याकडून कळलं ते लिहून ठेवते. संहिता लिहिलेली नसते. आख्यान कुठलं ते ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. सुरुवातीला गणपती येतो, मग संकासुर येऊन लोकांना हसवतो, आणि त्यानंतर आख्यान. बायकांची कामं पुरुषच करतात. साथीला पेटी, पखवाज, झांज. पहाट झाली की तोच राजा रंग पुसून काजूच्या बागेत कामाला जातो. सिनेमात बाबुली वेश उतरवतो तेव्हा काकांनी माझा हात दाबला होता.

चिठ्ठ्या उघडल्या: काका १०, मामा ९, मी ८, आई ८, सिस्टर ८, भाचा ८, मैत्रीण ७. सरासरी ८.३. काकांच्या चिठ्ठीवर आकड्याखाली मालवणीत लिहिलं होतं, 'माझे धा. काय एक इचारू नको.'

शनिवार, २७ सप्टेंबर

आज 'श्वास'चे दुसरे गुण आणि 'फँड्री'चे पहिले.

'श्वास' आधी. पंधरवड्यापूर्वी आई सोडून सगळे नऊ होते, आज ते पांगले. मामा १०, मी ९, आई ८, काका ८, मैत्रीण ८, भाचा ७, सिस्टर ६. सरासरी ८. सिस्टर म्हणाल्या, 'मी त्या दिवशीच सात लिहिणार होते. सगळे नऊ म्हणाले, मग कसं लिहू?' आणखी एक अंक कमी का झाला, तर शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आजोबा नातवाला कुणाला न सांगता जग दाखवायला घेऊन जातात तो भाग. आपल्या सगळ्यांचा जीव त्या दोघांत अडकतो. सिस्टरांचा त्या वॉर्डात अडकला. 'पेशंट बेडवर नाही म्हटल्यावर पोटात कसा गोळा येतो ते मला माहीत आहे. हे पंधरा दिवस मला त्या पोरापेक्षा वॉर्डातल्या माणसांचीच जास्त आठवण येत होती.' हे कुठल्या परीक्षणात वाचायला मिळालं नसतं. सहा गुण ठेवले.

आता 'फँड्री'. नागराज मंजुळे, फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रदर्शित. शब्द कैकाडी भाषेतला, अर्थ डुक्कर. जब्याचं घर गावाबाहेर, घरात कैकाडी बोलतात, शाळेत मराठी. त्याचं शालूवर मन जडलंय, आणि काळी चिमणी मारून तिची राख तिच्यावर टाकली की ती आपली होईल असा त्याचा विश्वास आहे. सोमनाथ अवघडे जब्या, किशोर कदम त्याचा बाप कचरू.

शेवटचा दगड आला आणि पडदा काळा झाला. आमच्या बैठकीत पंख्याचा आवाज तेवढा होता. चिठ्ठ्यांचा डबा मी फिरवला. उघडल्यावर: मी १०, भाचा १०, मैत्रीण ९, सिस्टर ९, आई ८, काका ७. सातवी चिठ्ठी कोरी.

मामांची. मला वाटलं पेन उमटलं नाही. विचारलं तर म्हणाले, 'न्हाई ताई, आकडा न्हाई सुचत.' चहाही न घेता गेले.

रविवार, २८ सप्टेंबर

सकाळभर त्या कोऱ्या चिठ्ठीचं काय करायचं हा हिशेब. सहाजणांची सरासरी ८.८. कोरी म्हणजे शून्य धरलं तर ७.६. म्हणजे मामांनी सिनेमा नापास केला असं फलक सांगेल, आणि ते साफ खोटं आहे. कोरी वगळली तर मामा त्या खोलीत नव्हतेच असं होतं, आणि हे त्याहून खोटं आहे. तो सिनेमा सर्वांत जास्त कुणाला लागला असेल तर त्यांनाच.

तिसरा रकाना आखला: 'कोरी'. त्यात १ लिहिलं.

शनिवार, ४ ऑक्टोबर

दसऱ्याचं सोनं अजून ताटात आहे. 'कोर्ट', चैतन्य ताम्हाणे, भारतात एप्रिल २०१५ मध्ये आला. व्हेनिसला पारितोषिकं, इकडे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, भारतातर्फे ऑस्करला.

नारायण कांबळे नावाचे वयस्क शाहीर. गटारात उतरणारा एक कामगार मरतो, आणि शाहिरांच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली असा आरोप त्यांच्यावर ठेवला जातो. कलम ३०६. मग तारखा.

चिठ्ठ्या: मैत्रीण १०, मी ८, भाचा ८, सिस्टर ६, आई ५, मामा ५, काका ४. सरासरी ६.६. एवढी फाकलेली ओळ अजून आली नव्हती.

काका वैतागले होते. 'कॅमेरा हलतच नाही. माणूस बोलून गेला तरी खोली दाखवत बसलाय.' आईचंही तेच, पण तिने शिक्षिकेसारखं मांडलं: आशय चांगला, मांडणी लांबलेली. शेवटी सुट्टी लागते, न्यायालय रिकामं होतं, एकेक दिवा विझतो आणि पूर्ण काळोख होतो. तिथे आई उठलीच होती. सिनेमा मात्र पुढे न्यायाधीशांच्या सहलीला जातो.

मग मैत्रीण बोलली, आणि जवळजवळ तासभर कुणी मध्ये बोललं नाही. तिची नोकरी अठरा वर्षांची. 'तुम्ही वकिलांकडे बघत होता. मी टंकलेखकाकडे. साक्षीदार आपल्या बोलीत पाच मिनिटं काहीतरी सांगतो. न्यायाधीश ते ऐकतात आणि आपल्या शब्दांत दोन ओळी सांगतात, त्या रेकॉर्डवर जातात. त्या माणसाने प्रत्यक्ष काय म्हटलं ते कुठेच उरत नाही. हे या सिनेमाने न सांगता दाखवलंय.' मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष तिने पुन्हा लावून दाखवली. बाई सरळ उत्तरं देते. नवऱ्याचा एक डोळा गेला होता, गटारात आधी झुरळ दिसतं का ते तो बघायचा, झुरळ जिवंत असेल तर आत हवा आहे. आवाज चढत नाही, पार्श्वसंगीत नाही. 'कामात असंच असतं,' मैत्रीण म्हणाली. 'सगळ्यांत भयंकर गोष्ट सगळ्यांत साध्या आवाजात येते.'

सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णींबद्दलही ती भरभरून बोलली. दिवसभर कलमं वाचणारी ती बाई संध्याकाळी लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते. खलनायिका कुठेच होत नाही. आणि शाहीर झालेले वीरा साथीदार पेशाने नट नव्हतेच, नागपूरचे आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते.

तिच्या बोलण्यानंतर काकांनी चिठ्ठी बदलू का विचारलं. नको म्हटलं. आजची चिठ्ठी आजची.

रविवार, ५ ऑक्टोबर

'दशावतार'चे दुसरे गुण फोनवर घेतले. काका १० वर ठाम, मामा ९ वर. बाकी सगळ्यांचा एकेक कमी. सरासरी ७.६. प्रभावळकरांविषयी कुणाचं मत खाली आलं नाही. उत्तरार्धात सूडाच्या वाटेने गोष्ट जाते तिथलं आता फारसं आठवत नाही, असं चौघांनी वेगवेगळं सांगितलं. भरलेल्या थिएटरात तोच भाग सर्वांत जोरात लागला होता. मोठ्या पडद्याचे आणि शेजारच्या टाळ्यांचेही गुण पहिल्या चिठ्ठीत पडतात.

शनिवार, ११ ऑक्टोबर

'किल्ला'. अविनाश अरुण, २०१५. ८.४. सगळ्यांना आवडला, भांडण नाही. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणातल्या लहान गावी आलेला मुलगा, नवे मित्र, आणि पावसात किल्ल्यात एकटा मागे राहिल्याचा तो प्रसंग. सिस्टरांनी त्यांच्या तीन बदल्या मोजून दाखवल्या.

'फँड्री', दुसरे गुण: मी १०, बाकी पाचही जणांचे ९. सरासरी ९.२. काका सातांवरून नवांवर आले. मामांना मी विचारलं नाही, डबा नुसता पुढे केला. चिठ्ठी पुन्हा कोरी. पण या वेळी ते थांबले.

'ताई, ते डुक्कर आता गावतंय म्हंतानाच शाळंत राष्ट्रगीत सुरू हुतंय. पोरगं हुबं, बाप हुबा, सगळं घर हुबं. आन डुक्कर निघून जातंय. तेवढं लिवा.'

लिहिलं. फलकावर 'फँड्री'पुढे हेच वाक्य जाणार, त्यांच्या बोलीत, एक अक्षर न बदलता.

रविवार, १२ ऑक्टोबर

भाचा दिवाळीपूर्वी एक दिवस घरी आला. त्याच्याशी आकड्यांवर बसले. त्याचा समज असा की परदेशी साइटवर टोमॅटोपुढे ९५ टक्के दिसले की सिनेमाला दहापैकी साडेनऊ मिळाले. तसं नसतं. रॉटन टोमॅटोजचा तो आकडा म्हणजे शंभरातल्या किती समीक्षकांनी अनुकूल लिहिलं. सगळ्यांनी नुसतं 'बरा आहे' म्हटलं तरी शंभर टक्के होतात. साठ किंवा वर असेल तर टोमॅटो ताजा, खाली गेला की सडका.

मग आम्ही आमच्या 'कोर्ट'ला तीच कसोटी लावली. सहा आणि वर म्हणजे अनुकूल असं धरलं. सातांपैकी चौघं. ५७ टक्के, सडका. भाचा हिरमुसला, त्याचे स्वतःचे आठ होते.

शनिवार, १८ ऑक्टोबर

उद्यापासून घराघरांत दिवाळीची घाई, म्हणून आज फक्त 'कोर्ट'चे दुसरे गुण: मैत्रीण १०, मी ९, भाचा ९, आई ८, सिस्टर ८, मामा ७, काका ६. सरासरी ६.६ वरून ८.१. आणि टोमॅटोच्या हिशेबात ५७ टक्क्यांवरून थेट १००.

एकानेही मधल्या काळात तो पुन्हा पाहिलेला नाही. मैत्रिणीच्या बोलण्याचा परिणाम असणारच, तो मी नाकारत नाही. सिनेमावर बोलायचं ते एवढ्यासाठीच. पण काकांचं कारण वेगळं निघालं. गेल्या आठवड्यात एका कार्यालयात त्यांना एका कागदासाठी तीन तास बाकावर बसावं लागलं. 'साहेब आले, गेले, दिवा लागला, विझला. आणि मला एकदम वाटलं, हा तर तोच पिक्चर. कॅमेरा का हलत नव्हता ते तेव्हा समजलं.' आईने मात्र नुसतं म्हटलं, 'तो काळोख जात नाही गं डोळ्यांसमोरून.' ज्या काळोखात ती उठली होती, तोच.

मला इथे फलकाचं सूत्र सापडलं. प्रत्येक सिनेमापुढे दोन्ही आकडे छापायचे, आधीचा आणि पंधरवड्यानंतरचा. वाचणाऱ्याने मधला उतार-चढ बघावा.

शनिवार, २५ ऑक्टोबर

भाऊबीज उरकली. 'किल्ला' दुसरे गुण: ८.४. प्रत्येकाने तोच आकडा पुन्हा दिला. चांगला, शांत सिनेमा, जसा होता तसाच मनात राहिला.

शनिवार, १ नोव्हेंबर

'द डिसायपल'. पुन्हा चैतन्य ताम्हाणेच, भाच्याच्या आग्रहावरून. शरद नेरुळकर शास्त्रीय गायक होण्यासाठी आयुष्य घालतो आहे, आणि आपल्यात ते आहे की नाही हे त्याला हळूहळू कळत जातं. आदित्य मोडक, आणि गुरुजींच्या भूमिकेत अरुण द्रविड. दोघंही खरे गाणारे.

रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर शरदची मोटरसायकल संथ चालत राहते आणि कानात माईंची, म्हणजे गुरुजींच्या गुरूंची, जुनी व्याख्यानं. मागे तंबोरा. सिस्टरांची रात्रपाळी झाली होती, त्यांना तिथे झोप लागली आणि त्यांनी प्रामाणिकपणे ४ दिले. काका ५, मामा ५, भाचा ६, मी ७, मैत्रीण ७. आणि आई ९.

आईचे नऊ! आजवर तिने आठाच्या वर पहिल्याच चिठ्ठीत कधी काही दिलं नव्हतं. लग्नाआधी ती गाण्याच्या परीक्षा देत होती, मध्यमापर्यंत पोचली होती, हे मला माहीत होतं. पण ती त्याबद्दल बोलत नसे. आज म्हणाली, 'रियाज करूनही सूर लागत नाही म्हणजे काय, ते असं कुणी दाखवलंच नव्हतं. गाण्याच्या सिनेमात नेहमी शेवटी गाणं जमतं.'

माईंचा आवाज कुणाचा, तिने विचारलं. दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. १९ एप्रिल २०२१ ला त्या पुण्यात गेल्या, आणि हा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला ३० एप्रिलला. त्याच एप्रिलमध्ये करोनाने वीरा साथीदारही गेले. एका दिग्दर्शकाच्या दोन सिनेमांतले दोन आवाज, एकाच महिन्यात. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, 'हे फलकावर घाल. माझे गुण नाही घातलेस तरी चालेल.'

दोन्ही घालणार आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

चिटणीसांना कच्चा आराखडा दाखवला. त्यांचं मत: दोन आकडे वाचून लोक गोंधळतील, एकच ठेवा. 'कोर्ट'ची ओळ त्यांच्यापुढे ठेवली, ६.६ आणि ८.१, आणि विचारलं, यातला कुठला ठेवू? त्यांनी बघितलं, चष्मा काढला, म्हणाले दोन्ही राहू देत, पण अक्षरं मोठी करा. टेबलावर येणारे बहुतेक साठीच्या पुढचे आहेत, हे खरंच. अक्षर दोन बोटं उंच.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज नवीन सिनेमा नाही. राहिलेले हिशेब.

'स्थळ': दिग्दर्शक जयंत सोमलकर, या मार्चमध्ये प्रदर्शित. विदर्भातल्या खेड्यातली सविता. शिकायचं आहे, स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, पण एकामागून एक पाहुणे येतात. नाव, उंची, शिक्षण, छंद. तोच पाट, तेच पोहे, तेच प्रश्न. सुरुवातीलाच एक प्रसंग उलटा घेतलाय: मुलगी आणि बायका बसल्यात आणि पाहायला समोर मुलगा. थिएटरात आधी हशा झाला, मग तो हळूहळू बंद पडला. हा आम्ही तिघींनीच पाहिला होता, मी, मैत्रीण आणि सिस्टर. मार्चमधल्या माझ्या डायरीत ७ लिहिलेत. आज विचाराल तर ९. सिस्टर ९, मैत्रीण ८. माझ्यापुरते हे पंधरवड्याचे नव्हेत, आठ महिन्यांनंतरचे गुण आहेत. मधल्या काळात माझ्या चुलतबहिणीचे दोन कार्यक्रम झाले, आणि दोन्ही वेळा ट्रे घेऊन आत गेलेली मी होते.

तिघींची सरासरी ८.७. तीन माणसांच्या आकड्याला सातजणांच्या आकड्याशेजारी कसं बसवायचं? भाच्याने आयएमडीबीच्या सर्वोच्च २५० च्या यादीचं सूत्र काढलं. मतं थोडी असली की ते सिनेमाची सरासरी सगळ्या सिनेमांच्या सरासरीकडे ओढून घेतं. मतं वाढतील तशी ओढ कमी होते. आमच्या पाच सिनेमांची सरासरी ८.३, ओढीचं वजन चार मतांचं धरलं, तर ८.७ चे ८.५ होतात. वेबसाइटवर लाखो अनोळखी मतं येतात, तिथे हे शहाणपणाचं आहे. आई म्हणाली, 'ज्यांनी पाहिलाच नाही त्यांचे गुण कशाला मिसळायचे? तीनजणींनी पाहिला असं लिही की.' तसंच लिहिणार. ८.७, आणि खाली 'पाहणाऱ्या ३'.

'साबर बोंडं': रोहन कानवडे. यंदाच्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक. सप्टेंबरमध्ये प्रदर्शित झाला तेव्हा भाच्याने पुण्यात पाहिला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, आणि लहानपणीचा मित्र बाळ्या. दोघांच्या प्रेमाची गोष्ट. भाच्याने गुण कळवले नव्हते. आज फोनवर म्हणाला, 'मावशी, गुण नकोत. त्यातली आई मुलाशी ज्या आवाजात बोलते ना, तेवढं लिही.' मी आणखी काही विचारलं नाही. तसंच लिहिलं.

मामांनी नाव ऐकून विचारलं, 'साबर बोंडं म्हंजी फड्या निवडुंगाची?' हो म्हटल्यावर सांगायला लागले: काटे दगडावर घासून काढायचे, मग फोडायचं, आतून लालभडक, खाल्लं की जीभ आणि हात रंगून जातात. 'बघाय पायजे मग,' म्हणाले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

'द डिसायपल' दुसरे गुण: ६.१ चे ६.७. भाचा सहावरून आठ, मी आणि मैत्रीण सातावरून आठ, बाकी तिथेच. आई ९. दहा नाहीतच, मी विचारायलाही गेले नाही.

आजपासून वाक्यं लिहायची. नियम ठरवला: अप्रतिम, नितांतसुंदर, जबरदस्त, डोळ्यांत पाणी, चुकवू नये असा, हे शब्द फलकावर येणार नाहीत. हे शब्द कुठल्याही सिनेमापुढे लावले तरी बसतात. प्रत्येक सिनेमाला एक प्रसंग, आणि तो कुणाला का आठवतो ते. शेवट सांगायचा नाही. वहीत मी शेवट लिहिलेत, फलकावर नाहीत.

शनिवार, २९ नोव्हेंबर

फलक तयार. चार फूट बाय तीन फूट, सॉफ्ट बोर्ड, हिरवं कापड. कार्डशीटवर मार्करने अक्षरं आईने काढली, तिचं फळ्यावरचं वळण अजून तसंच आहे. रकाने: सिनेमा आणि साल, लगेच, पंधरवड्याने, पाहणारे, कोरी, एक प्रसंग.

'दशावतार'च्या वाक्यावर काका अडले होते. मी लिहिलं होतं, 'प्रभावळकरांसाठी पाहा.' ते म्हणाले, दशावतारासाठी पाहा असं लिही. शेवटी लिहिलं: 'वेश उतरवल्यावर बाबुली कसा बसतो ते पाहा. कुडाळच्या काकांनी असे राजे पहाटे कामावर जाताना पाहिलेत.'

रविवार, ३० नोव्हेंबर

सकाळी मामांनी भिंतीत खिळे ठोकले. पातळी बघायला बाटलीत पाणी भरून आडवी धरली. फलकाखाली बुटाच्या खोक्याची पेटी आणि दोरीला बांधलेलं पेन, वाचकांच्या चिठ्ठ्यांसाठी. दुपारपर्यंत वर्तमानपत्रं जरा एकटी पडली होती. दोन आजोबा 'कोर्ट'च्या आकड्यांवरून वाद घालत होते, आणि त्यातल्या एकांनी तो पाहिलेला नव्हता.

मंगळवार, २ डिसेंबर

पेटी उघडली. सहा चिठ्ठ्या. 'दशावतार' ९, 'दशावतार' ७, 'श्वास' १०, 'किल्ला' ८, एका चिठ्ठीवर आमच्या यादीत नसलेल्या सिनेमाचं नाव आणि 'हा का नाही?' असा प्रश्न.

सहावीवर वर 'फँड्री' लिहिलेलं, खाली काहीच नाही. घडी परत उघडून कोरी असल्याची खात्री केली, मागची बाजूही पाहिली. मामांना दाखवली. त्यांनी अक्षर ओळखायचा प्रयत्न केला, नाही ओळखता आलं. मी स्टुलावर चढून 'फँड्री'च्या कोरी रकान्यातला १ काढला आणि २ लिहिले.

पुढचं काम: पेटीतल्यांना पंधरवड्याने पुन्हा लिहायला सांगणारी पाटी, १६ डिसेंबरपर्यंत. 'साबर बोंडं' मामांना दाखवायचा. दोरीचं पेन संपलं, नवं आणणे.